सोनकीच्या कुळातले डॉ. गिब्सन

आमचे गव्हाण हे खाडीकाठचे गाव. एका बाजूला कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि पूर्वी त्यांच्यामध्ये खारे बांध व मिठागरे. अशा गावात ज्याचे बालपण गेले, त्याला ओहोटी-भरतीच्या वेळा तोंडपाठ असतात. डोंगरावरची फुले मात्र त्याच्या ओळखीची नसतात. माझेही तसेच होते. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस महाविद्यालयाच्या सहलीबरोबर मी राजमाचीला गेलो आणि माथ्यावर पोचताच थबकून उभा राहिलो. उतारच्या उतार पिवळा झाला होता! कोणी हळद सांडली म्हणावे, तर इतकी हळद आणायची कोठून?

ती सोनकी होती. आमच्याबरोबर वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांनी एक फूल माझ्या तळहातावर ठेवले आणि हे फूल एक नाही, अनेक आहेत, असे सांगितले. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, कारळा, करडई आणि ही सोनकी, सारी एकाच कुळातली. ज्याला आपण एक फूल समजतो, तो अनेक चिमुकल्या फुलांचा एकत्र बांधलेला गुच्छ असतो. काठावरची फुले पाकळीसारखी पसरतात, मधली नळीसारखी उभी राहतात. फुलणे संपले की त्याच गुच्छातून पांढऱ्या केसांचे बी वाऱ्यावर निघते. या वंशाचे शास्त्रीय नाव सेनेसिओ. लॅटिन भाषेत म्हाताऱ्याला जो शब्द आहे, त्यावरून ते पडले. आपल्याकडे वाऱ्यावर उडणाऱ्या अशा बीला मुले म्हातारी म्हणतात आणि तिच्यामागे धावतात. रोमचा म्हातारा आणि कोकणातली म्हातारी यांची अशी गाठ पडलेली पाहून मला मोठी गंमत वाटली.

सरांनी पुढे जे सांगितले, त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. ही सोनकी सह्याद्रीवर विपुल आहे. परंतु तिचे एक भावंड फार दुर्मीळ आहे. ते केवळ सह्याद्रीच्या रांगेतच, तेही मोजक्या जागी आढळते. त्याचे नाव सेनेसिओ गिब्सोनी. हा गिब्सन कोण, असे मी विचारले. सर हसून म्हणाले की तो एक डॉक्टर होता, बाकीचे ग्रंथालयात शोध. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वनस्पतिशास्त्राच्या कपाटाकडे जावे, याचे ग्रंथपालांना नवल वाटले असावे. पण पुस्तके मिळाली. त्यांतून जो माणूस मला भेटला, त्याची ही हकीकत.

अलेक्झांडर गिब्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८०० रोजी स्कॉटलंडमधील लॉरेन्सकर्क या गावी झाला. एडिंबरो येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळी स्कॉटलंडमधील होतकरू पण सामान्य घरच्या तरुणांना ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी हा पुढे येण्याचा मोठा मार्ग होता. एडिंबरोच्या वैद्यकीय शिक्षणात वनस्पतिशास्त्र हा कच्चा विषय ठेवून चालत नसे; कारण बहुतेक औषधे झाडापाल्याचीच असत. वयाच्या पंचविशीच्या सुमारास गिब्सन कंपनीच्या वैद्यकीय सेवेत दाखल होऊन मुंबई इलाख्यात आले. पेशवाई बुडून तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. देश नवा, रोग नवे, भाषा नव्या. पुष्कळ साहेब दुभाष्यावर काम भागवीत. गिब्सन मात्र मराठी, हिंदुस्तानी आणि गुजराती या तिन्ही भाषा शिकले.

या भाषांचा उपयोग त्यांना लवकरच झाला. १८३६ च्या सुमारास दख्खन आणि खानदेश या भागांत देवीची लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे आले. मुंबईत पहिली लस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली होती. पण शहरातली गोष्ट वेगळी आणि घाटमाथ्यावरच्या वाडीवस्तीतली वेगळी. ज्या रोगाला लोक देवीचा कोप मानीत, त्यासाठी परक्या माणसाने येऊन लेकराच्या दंडाला जखम करायची, हे कोणती आई सहजासहजी होऊ देईल? अशा कामात टोचण्याच्या सुईइतकीच बोलण्याची गरज असते. टोचणाऱ्या डॉक्टरला गावोगाव फिरावे लागे, चावडीवर बसावे लागे, डोंगर चढावे-उतरावे लागत. गिब्सन यांची आणि सह्याद्रीची ओळख ही अशी पायी झाली. पुढे वनस्पतींचे आणि रानांचे जाणकार म्हणून त्यांचे नाव झाले, त्याचा पाया या भ्रमंतीत घातला गेला असे मला वाटते.

१८३८ मध्ये त्यांची नेमणूक पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेवर झाली. इंग्रजी कागदपत्रांत तिला दापुरी म्हणतात. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना तेथे गव्हर्नरचा बंगला आणि त्याला लागून ही वनस्पतींची बाग उभी राहिली होती. जुन्नरकडे हिवरे येथेही अशीच एक बाग होती. आपण बाग म्हटली की कारंजी आणि गुलाब डोळ्यांसमोर आणतो. पण गिब्सन यांच्या बागा म्हणजे एक प्रकारचे कारखानेच होते. खुरासनी ओवा, सोनामुखी अशा औषधी वनस्पती तेथे लावून, त्यांपासून औषधे तयार करून ती मुंबईच्या सरकारी औषधभांडारास पुरवली जात. विलायतेहून जहाजाने येणारे औषध महाग पडे आणि वाटेत जुनेही होई. येथल्या मातीत ते पिकवता येते, हे या बागांनी दाखवून दिले.

याच बागेत आणखी एक काम झाले. १८४७ ते १८५० या वर्षांत गिब्सन यांनी एका भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. ही दीडशेहून अधिक चित्रे आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. त्यांवर हेन्री नोल्टी या अभ्यासकाने २००२ मध्ये एक ग्रंथही प्रसिद्ध केला. पानावरची शीर न शीर टिपणाऱ्या त्या चित्रकाराचे नाव मात्र कोठेही नोंदलेले नाही. हे वाचल्यापासून ती गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. तिच्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

गिब्सन यांच्या काळी मुंबई इलाख्यात झाडापाल्याचा शोध घेणाऱ्यांची एक लहानशी मंडळीच जमली होती. त्यांत वनस्पतिशास्त्राचा पगार घेणारे जवळजवळ कोणी नव्हते. जॉन ग्रॅहॅम हे टपाल खात्याचे अधिकारी होते. त्या वेळी मुंबईहून पुण्याकडे जायचे तर होडीने पनवेल बंदर गाठायचे आणि तेथून बोरघाट चढायचा, हा रिवाज होता. घाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला होता. म्हणजे ज्या वाटेने ग्रॅहॅम यांचे टपाल जाई, ती वाट आमच्या तालुक्यातून जात होती! मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची एक यादी त्यांनी छापावयास घेतली. सुमारे दोनशे पाने छापून झाली, आणि २८ मे १८३९ रोजी थोड्या दिवसांच्या आजाराने खंडाळा येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे चौतीस. उरलेले काम त्यांचे मित्र जोसेफ निम्मो यांनी पुरे केले. निकल डॅल्झेल हे जकात खात्यात होते. त्यांच्याबरोबर गिब्सन यांनी इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. ‘बॉम्बे फ्लोरा’ या नावाने तो १८६१ मध्ये मुंबईत छापला गेला. टपालवाला, जकातवाला आणि देवी टोचणारा डॉक्टर, या तिघांचीही नावे पुढे सोनकीच्या भावंडांना मिळाली. त्यांपैकी ग्रॅहॅम यांचे नाव नेहमीच्या सोनकीला होते. तेच नाव आधी दुसऱ्या एका वनस्पतीला दिले गेले होते, म्हणून नामकरणाच्या नियमांनुसार ते मागे पडले. आज ती शास्त्रात सेनेसिओ बॉम्बेएन्सिस म्हणून ओळखली जाते.

आता गिब्सन यांच्या आयुष्यातील मुख्य गोष्टीकडे येतो. मुंबईच्या गोदीला सागवान लागे. वाडिया कुटुंबातील कारागिरांनी बांधलेली सागवानी जहाजे जगभर नावाजलेली होती. १८१७ मध्ये मुंबईत मलबारच्या सागवानातून बांधलेले त्रिंकोमाली हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. मोठ्या सागवानाचे सरकारला काम; सरपण आणि कोळसा यांची वाढत्या मुंबई शहराला भूक. पश्चिम किनाऱ्याच्या खाड्या म्हणजे लाकूड वाहून नेण्याच्या आयत्या वाटा. डोंगरावर तोडायचे, बंदरावर आणायचे, पडावात भरायचे की मुंबई! एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पोचेपर्यंत कोकणातले कितीतरी डोंगर उघडे पडले.

गिब्सन या डोंगरांतून फिरत होते. त्यांनी एक गोष्ट पाहिली आणि ती सरकारला लिहून कळवली. डोंगरावरची झाडी गेली, तसतसे ओढे आटू लागले, उतारावरची माती पावसाबरोबर खाली येऊ लागली आणि पूर्वी ज्या खाड्यांतून गलबते आत येत, त्या गाळाने भरू लागल्या. आज शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात हे वाक्य सापडेल. १८४० नंतरच्या त्या वर्षांत ते नवे होते. सरकारची दृष्टी लाकूड किती आहे आणि किती दिवस पुरेल एवढ्यावर होती. जंगल, ओढा आणि बंदर हा एकच हिशेब आहे, हे सरकारी कागदावर मांडणाऱ्या आरंभीच्या माणसांत गिब्सन होते. नाडी पाहणाऱ्या डॉक्टरला दुखणे एकीकडे आणि त्याचे मूळ दुसरीकडे असते, हे ठाऊक असते. त्यांनी खाडीचे दुखणे पाहून डोंगराची नाडी धरली, असे म्हणायला हरकत नाही.

१८४७ मध्ये त्यांना मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमण्यात आले. या इलाख्यातले ते पहिलेच. साऱ्या हिंदुस्थानासाठी डीट्रिख ब्रँडिस यांची जंगलांचे मुख्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली ती १८६४ मध्ये, म्हणजे त्यानंतर सतरा वर्षांनी. गिब्सन यांनी तेरा वर्षे हे काम पाहिले. याच काळात, १८५३ मध्ये, मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि रुळांखालच्या लाकडांची नवी मागणी जंगलावर येऊन पडली. तोडीवर बंधने घालायची, कोणती झाडे राखायची ते ठरवायचे, आणि हे सारे मोठ्या इलाख्यात थोड्या माणसांनिशी करायचे, असे ते काम होते. १८६० मध्ये ते निवृत्त झाले. इलाख्यातील जंगलांविषयीचे त्यांचे माहितीपुस्तक १८६३ मध्ये निघाले. १६ जानेवारी १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

दुर्मीळ सोनकीला त्यांचे नाव मिळाले ते यानंतर. जोसेफ हूकर यांच्या हिंदुस्थानातील वनस्पतींच्या प्रचंड ग्रंथात ते १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या फुलामुळे माझ्यासारख्याला गिब्सन माहीत झाले, त्या फुलाला आपले नाव आहे, हे स्वतः गिब्सन यांना कधीच कळले नाही.

येथे लेख संपवला असता तर एका सज्जन साहेबाची गोड गोष्ट झाली असती. परंतु मी गव्हाणचा आहे, आणि गव्हाणच्या माणसाला येथे थांबता येत नाही. त्याचे कारण चिरनेर.

गिब्सन यांचा डोंगर जाळून केलेल्या फिरत्या शेतीला विरोध होता. ही शेती करणारे लोक पिढ्यानपिढ्या डोंगरातच राहत आले होते. जंगल राखायचे म्हणजे त्यांना आवरायचे, असा विचार सरकारी जंगलखात्यात आरंभापासून होता. गिब्सन गेल्यानंतर १८७८ च्या कायद्याने तो पक्का झाला. जंगले राखीव झाली. आपल्या ठाणे-कुलाबा भागात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण जमिनीवर पसरून जाळायचे आणि त्या राखेत बी पेरायचे, ही जुनी पद्धत. तिलाच आडकाठी आली. सरपण, गुरांची चराई, घरासाठी लागणारा वासा, प्रत्येक गोष्टीला परवानगी लागू लागली. असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी, शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर, आगरी, कोळी, कातकरी असे सारे लोक जंगल सत्याग्रहासाठी जमले असता गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. आमच्या भागात त्यांची नावे आजही दरवर्षी आदराने घेतली जातात.

गिब्सन यांना जाऊन तेव्हा त्रेसष्ट वर्षे झाली होती. त्या गोळ्यांचा हिशेब त्यांच्या नावावर मांडणे न्यायाचे होणार नाही. पण ज्या खात्याची या इलाख्यातली पहिली वीट त्यांनी रचली, त्याच खात्याच्या कायद्याविरुद्ध माझ्या गावाशेजारचे लोक उभे राहिले, हेही मला झाकता येत नाही. मी पुष्कळ दिवस या दोन गोष्टींपैकी कोणती खरी मानावी या विचारात होतो. आता वाटते, दोन्ही खऱ्या आहेत. डोंगर उघडा पडला की खाडी भरते, हे गिब्सन यांचे म्हणणे खरे होते. त्या डोंगरावर ज्यांचे पोट आहे त्यांना विश्वासात न घेता डोंगर राखता येत नाही, हे चिरनेरच्या लोकांचे म्हणणेही खरे होते. दुर्दैव असे की पहिली गोष्ट सरकारने अर्धीमुर्धी ऐकली आणि दुसरी मुळीच ऐकली नाही.

माझे आजोबा मिठागरात काम करीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. गिब्सनसाहेबांचे नाव त्यांनी ऐकले असण्याचा संभव नाही. परंतु लहानपणी बांधावर बसून ते मला सांगत की पूर्वी ओहोटीलाही जेथे होडी तरंगे, तेथे आता गुडघाभर चिखल आहे. आणि हा चिखल खाडीचा नाही, डोंगराचा आहे. तेव्हा मला ते कोडे वाटे. ग्रंथालयात गिब्सन यांच्याविषयी वाचताना ते कोडे उलगडले. साहेबांनी जे लिहिले, ते खाडीकाठच्या माणसांना ठाऊक होतेच. गिब्सन यांचे मोठेपण असे की ते या माणसांची भाषा शिकले, त्यांच्या डोंगरांतून चालले आणि जे दिसले ते सरकारच्या दफ्तरात नेऊन ठेवले.

आज गव्हाणच्या वेशीशी नवे शहर आले आहे. उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. आमच्यातील अनेकांना तेथे नोकरीची आशा आहे, मलाही आहे. विकास नको असे म्हणण्याइतका मी शहाणा किंवा वेडा नाही. पण डोंगराचा आणि खाडीचा हिशेब एकच असतो, हे या नव्या शहरात कोण लक्षात ठेवणार? कर्नाळ्याच्या किल्ल्याभोवतीचे रान १९६८ पासून पक्ष्यांसाठी राखले आहे. आमच्या तालुक्यात निदान एवढा डोंगर तरी अंगावर झाडी घेऊन उभा आहे.

शेवटी त्या निनावी चित्रकाराकडे येतो. फुलाला गिब्सन यांचे नाव मिळाले. ते योग्यच झाले. पण ते फूल डोंगरात कोठे उगवते हे दाखवणारा वाटाड्या, त्याचे पान खुडून आणणारी ठाकरीण, त्याच्यासारख्याच फुलांची चित्रे काढणारा तो कलावंत, यांच्यापैकी कोणाचे नाव राहिले? फुलांची शास्त्रीय नावे ठेवणे आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे काम नव्हे. मात्र डोंगरातली माणसे त्या फुलांना काय म्हणतात, कोणत्या दुखण्यावर कोणता पाला लावतात, कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत, हे ऐकून लिहून घेणे नक्कीच आपले काम आहे. भाषा हा आपला विषय आहे. गिब्सन यांनी परक्या देशात येऊन ती शिकून घेतली. आपल्याला तर ती आईकडून मिळाली आहे.

येत्या सप्टेंबरात आमच्यापैकी चौघे-पाच जण पुन्हा राजमाचीला जाणार आहोत. सेनेसिओ गिब्सोनी दिसेल, अशी आशा मी धरलेली नाही. दुर्मीळ वस्तू अशी सहलीला गेलेल्यांना भेटत नसते. दिसली तरी तोडायची नाही, असे सरांनी आताच बजावून ठेवले आहे. सोनकी मात्र खात्रीने भेटेल. या खेपेस बरोबर वही नेणार आहे. माथ्यावर जाण्यापूर्वी वाटेतल्या वाडीत थांबून, तेथल्या म्हाताऱ्या माणसांना फुलांची नावे विचारायची आणि नाव सांगणाऱ्याचे नाव त्याच्यापुढे लिहायचे, असे आम्ही ठरवले आहे. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी जरूर यावे.